आप्तांनी दार लावून घेतल्यावर: ऐरोलीच्या एका शास्त्राभ्यास वर्गाविषयी

माझ्या पाहण्यात नवी मुंबईत मराठीतून चालणारे शास्त्राभ्यासाचे वर्ग थोडेच आहेत, आणि जे आहेत त्यांत पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एखादे पुस्तक घेऊन अध्यायामागून अध्याय वाचत जाण्याची रीत आहे. ऐरोलीत एका मराठी मंडळीने (चर्चने) भाड्याच्या हॉलमध्ये चालवलेला सहा शनिवारांचा वर्ग याहून वेगळा होता, कारण त्याने विषय एकच धरला होता: घरच्यांनी, भावकीने, शेजाऱ्यांनी किंवा जुन्या मित्रांनी नाकारल्यावर ख्रिस्तावरचा विश्वास कसा टिकवावा, आणि ज्या कामासाठी आपल्याला बोलावणे आहे ते काम हातातून कसे सुटू देऊ नये. हा विषय व्यासपीठावरून अनेकदा ऐकायला मिळतो, पण तो बहुधा दहा मिनिटांत आणि टाळ्यांसाठी मांडलेला असतो. इथे तो सहा आठवडे उलगडत नेला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे योग्य वाटते.

येणारी माणसे साधारण तीन प्रकारची होती. काही जण नगर आणि जालन्याकडून पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतले होते. त्यांची अडचण अशी, की नोकरीच्या किंवा सोसायटीच्या वर्तुळात विश्वास उघड झाला की बोलण्यातला मोकळेपणा आटतो. दुसरे होते ते घरात एकटेच विश्वासात आलेले, आणि वर्गात सर्वाधिक प्रश्न त्यांचेच असत. तिसऱ्या प्रकारात कळव्याहून आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणारे काही कॅथलिक होते, ज्यांचे घरच्यांशी वाद मुख्यतः दुसऱ्या मंडळीत जाण्यावरून झाले होते. मी स्वतः दुसऱ्या गटातला आहे आणि माझ्या सख्ख्या भावाच्या घरच्या कार्याचे बोलावणे मला येत नाही, एवढे सांगितले म्हणजे मी तिथे कोणत्या कानांनी बसलो होतो हे वाचकाला कळेल.

व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रवेशाला शुल्क नाही, छापील पुस्तिकेचे पन्नास रुपये घेतात, चहा मंडळीतर्फे असतो आणि तो चांगला असतो. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचार करावा. खरी अडचण आवाजाची. ऐरोली गावठाण जवळ असल्याने लग्नसराईत हळदीचा कार्यक्रम लागला की संध्याकाळी सातनंतर डीजे सुरू होतो, आणि एका शनिवारी 55 वे स्तोत्र वाचले जात असताना खिडक्यांच्या काचा अक्षरशः थरथरत होत्या. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझा सोबती, माझ्या ओळखीचा, असा त्या स्तोत्राचा आशय आहे. तो बँजोच्या तालावर ऐकावा लागला. आयोजकांनी वेळ तासभर अलीकडे घेतली तर हा प्रश्न सहज सुटेल.

शिकवणाऱ्या बाई पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, नाहीत. निवृत्त शिक्षिका आहेत आणि सगळे त्यांना नुसते बाई म्हणतात. दुसऱ्या शनिवारी मार्ककृत शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या एका पुस्तकाचा, सहावा अध्याय होता, आणि संपूर्ण वर्गातला सर्वांत कसदार भाग तोच, असे मी निःसंकोच म्हणेन. बाईंनी आधी काहीही समजावून सांगितले नाही. येशूचे गाव नासरेथ, तिथल्या सभास्थानातले (यहुदी प्रार्थनागृहातले) लोक त्याच्याविषयी जे प्रश्न विचारतात, म्हणजे हा सुतारच ना, मरीयेचा मुलगा ना, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ ना, याच्या बहिणी इथे आपल्यातच राहतात ना, ते प्रश्न त्यांनी प्रत्येकाला आपल्या गावच्या बोलीत आणि आपल्या घरच्या सुरात म्हणून दाखवायला सांगितले. दिघ्याच्या एका मावशींनी पदर खोचला आणि हात नाचवत म्हटले, “अगं बाई, हा तर आपल्या सुताराचा पोरगा! कालपर्यंत आमच्याच नळावर हंडा घेऊन उभा असायचा, आणि आता आम्हाला शास्त्र शिकवायला निघालाय!” हशा पिकला, आणि बाईंना जे सांगायचे होते ते त्या हशातच सर्वांपर्यंत पोहोचले. नासरेथकरांनी येशूच्या शिकवणीत चूक काढलेली नाही. त्याच्याजवळ ज्ञान आहे आणि त्याच्या हातून महत्कृत्ये होतात हे ते स्वतःच बोलून दाखवतात. त्यांना खटकते ते एवढेच, की ज्याचे घर, धंदा आणि नातीगोती आपल्याला तोंडपाठ आहेत तो माणूस आपल्या अंदाजाबाहेर गेलाच कसा. घरचा माणूस आपल्याला नाकारतो तेव्हा तो आपल्या श्रद्धेचे परीक्षण करून नाकारतो असे आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याने श्रद्धेपर्यंत पोहोचण्याचे कष्टही घेतलेले नसतात.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटला. त्या गावी थोड्याशा आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरे करण्यापलीकडे येशूला काही करता आले नाही, असे मार्क लिहितो. उपदेशक हे वाक्य अविश्वासाच्या दुष्परिणामाचे उदाहरण म्हणून वापरतात आणि पुढे जातात. बाई मात्र त्या थोड्या आजाऱ्यांपाशी थांबल्या. साऱ्या गावाने पाठ फिरवलेली असतानाही कोणीतरी चार माणसे त्याच्याकडे आली आणि त्याने त्यांना परत पाठवले नाही, हे त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावले. मग त्यांनी फळ्यावर अध्यायाचा क्रम मांडला. नासरेथला येताना बारा शिष्य केवळ मागे चालत होते. नासरेथहून निघाल्यावर येशू आसपासच्या गावांतून शिकवत फिरला आणि त्याच बारा जणांना त्याने दोघे दोघे करून कामाला पाठवले. म्हणजे ज्या आठवड्यात आपल्या माणसांनी नाकारले त्याच आठवड्यात, किंवा फार तर त्यानंतर लगेच, कामाचा पसारा वाढला. ‘लगेच’ हा बाईंचा निष्कर्ष आहे, मार्क दिवस मोजून देत नाही. पण कथेचा ओघ त्यांच्या बाजूचा आहे हे मान्य करायला हवे.

त्याच अध्यायातल्या, पायाची धूळ झटकण्याच्या येशूच्या आज्ञेबद्दलही त्यांनी एक नेमकी गोष्ट सांगितली. ती आज्ञा कामगिरीवर निघालेल्या शिष्यांना, जी ठिकाणे त्यांचे ऐकणार नाहीत त्यांच्यासंबंधी दिलेली आहे. आपल्याकडे काही उत्साही लोक तिचा उपयोग आईवडिलांचे घर सोडताना करतात, आणि वर वचनाचा आधार दिल्याचे समाधान मानतात. वर्गातल्या दोघा-तिघा तरुणांना हे रुचले नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. बाईंनी त्यांना येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडायला लावला. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नये असे तिथे म्हटले आहे, पण त्याच्या आदल्याच वचनात खून, चोरी यांच्या पंक्तीला दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवले आहे. मग प्रश्न आला: गणपतीत काकांच्या घरी गेल्यावर आपण आरतीच्या वेळी नुसते बाजूला उभे राहिलो, की भरल्या घरात मूर्तीसमोर उभे राहून व्याख्यान दिले? पहिल्यासाठी बोलणी खावी लागली असतील तर ती एक गोष्ट. दुसऱ्यासाठी खावी लागली असतील तर तो छळ म्हणून सांगत फिरू नये. प्रसादाचे काय, हा प्रश्न अर्थातच निघाला. त्यावर बाईंनी प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे, मूर्तींना वाहिलेल्या अन्नाविषयीचे, आठ ते दहा हे अध्याय घरी वाचायला सांगितले आणि स्वतःचा निर्णय कोणावर लादला नाही. काहींना ही टाळाटाळ वाटली. मला ते योग्य वाटले, कारण त्या तीन अध्यायांत पौल स्वतःही एका ओळीचे उत्तर देत नाही.

योसेफाच्या गोष्टीबाबत त्यांनी जे केले तेही सांगण्यासारखे आहे. भावांनी विकले, पुढे तेच भाऊ धान्यासाठी पाया पडायला आले, या गोष्टीतून आपल्याकडे एक गोड सूडकथा तयार झाली आहे: थांबा, एक दिवस तुमचेही नातेवाईक तुमच्या दारात येतील. बाईंनी ही अपेक्षा मोडीत काढली. उत्पत्ती या पुस्तकाच्या 45 व्या अध्यायात भावांना ओळख देताना योसेफ इतक्या मोठ्याने रडतो, की ते मिसरी (इजिप्तच्या) लोकांना ऐकू जाते. जिंकलेला माणूस असा रडत नाही. शिवाय भाऊ येण्याआधीच तो आपला मिसरी धनी पोटीफर याच्या घरचा कारभार, मग तुरुंगातली जबाबदारी आणि शेवटी कोठारांचे काम पाहत आला होता. भाऊ आले नसते तरी ते धान्य लोकांच्या पोटात गेलेच असते.

चौथ्या शनिवारी कुटुंबाचा विषय होता. येशूला वेड लागले आहे असे समजून त्याचे आप्त त्याला धरून न्यायला निघाले, हे मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, हे योहानाच्या सातव्यात. माझी आई कोण, माझे भाऊ कोण, हा त्याचा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नाते तोडण्याच्या समर्थनासाठी वापरला जातो. बाईंचा आग्रह असा होता, की तो प्रश्न योहानाच्या 19 व्या अध्यायाशी जोडल्याशिवाय वाचूच नये, कारण तिथे वधस्तंभावरच्या यातनांतही तो आईची सोय लावतो. भावांचे पुढे काय झाले तेही त्यांनी वचनांतून काढून दाखवले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात माडीवर प्रार्थना करणाऱ्यांत मरीयेबरोबर त्याचे भाऊ आहेत. पुनरुत्थानानंतर तो याकोबाला दिसला असे पौल लिहितो, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हाच प्रभूचा भाऊ याकोब मंडळीच्या आधारस्तंभांत मोजला आहे. नासरेथच्या सभास्थानात ज्यांची नावे टोमण्यात घेतली गेली त्यांतले हे एक नाव. आपल्याही घरी असेच होईल, असे आश्वासन बाईंनी यातून काढले नाही, याची मी मुद्दाम नोंद करतो. कोणी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “याकोब आला. सगळं नासरेथ आलं असं कुठं लिहिलेलं नाही.”

यिर्मयावरचा शनिवार मला अनपेक्षितपणे आवडला, कारण हा संदेष्टा अशा वर्गांत सहसा रडगाण्यापुरताच येतो. अनाथोथ हे त्याचे गाव. त्याच गावच्या लोकांनी त्याला मारण्याचा कट केला आणि त्याचे भाऊबंदही त्याच्यावर उलटले, हे त्याच्या पुस्तकाच्या 11 व्या आणि 12 व्या अध्यायांत आहे. पण 32 व्या अध्यायात यरुशलेमाला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, हा माणूस चुलतभाऊ हानामेल याच्याकडून त्याच अनाथोथातले शेत 17 शेकेल (त्या काळचे वजन) रुपे तोलून विकत घेतो. खरेदीखत होते, साक्षीदार सह्या करतात, आणि लेखनिक बारूख याच्याकडून ते कागद बराच काळ टिकावेत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवले जातात. सिडकोने संपादन केलेल्या जमिनी आणि साडेबारा टक्क्यांचे भूखंड यांवर ज्यांच्या दोन पिढ्या बोलत आल्या, अशा गावातल्या श्रोत्यांना हा व्यवहार समजायला वेळ लागला नाही. मागच्या बाकावरच्या एका आगरी दादांनी विचारले, “बाई, ज्यांनी जिवावर उठायचं ठरवलं त्यांच्या शिवेला जमीन घेऊन करायचं काय? सातबारा तरी निघेल का?” प्रश्न विनोदाने विचारलेला होता, पण तोच त्या अध्यायाचा कणा आहे. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, या देवाच्या शब्दावर यिर्मयाने रोख पैसे मोजले, आणि तेही जिथले लोक त्याच्या जिवावर उठले होते तिथल्या जमिनीसाठी. दादांचे समाधान झाले की नाही ते कळले नाही. त्यांनी पृष्ठ क्रमांक मात्र लिहून घेतला.

महाराष्ट्रातील उदाहरणे पुस्तिकेत आहेत आणि ती बेतशीर आहेत. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, त्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. बाईंनी त्यात भर घातली ती दृष्टीची: या प्रसंगी नाकारली गेलेली व्यक्ती एकच नव्हती, आणि पतीच्या निर्णयाची किंमत ज्या बाईने न विचारता मोजली तिच्या बाजूनेही ही गोष्ट वाचली पाहिजे. विश्वासात आलेल्या पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये हे म्हणायला धैर्य लागते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळ्या कारणाने घेतले होते. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या शारदा सदन या मुली आणि विधवांच्या शाळेवर 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, सल्लागार मंडळातील सुधारक बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांनी हात दिला होता त्यांनीच तो काढून घेतला, असा तो प्रसंग. त्यानंतर 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका त्यांनी आणून सांभाळल्या, केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले, आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू राहिले. पुस्तिकेतले आणखी एक पान 1321 मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या धर्मबंधूंविषयी आहे. माहिती रंजक आहे आणि ठाणेकरांना ती असायलाही हवी, पण ते परदेशातून आलेले पाहुणे होते आणि परक्यांच्या हातून मेले. आप्तांच्या नकाराच्या वर्गात त्या पानाचे काय काम, हे मला शेवटपर्यंत समजले नाही.

पाचव्या शनिवारी एका वकिलांना अर्ध्या तासासाठी बोलावले होते, आणि तो वेळ दुप्पट असायला हवा होता. धर्म बदललास तर वाडवडिलांच्या मिळकतीतून तुझे नाव गेले, ही धमकी वर्गातल्या अनेकांनी ऐकली होती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे 26 वे कलम धर्मांतर करणाऱ्या व्यक्तीला वारसाहक्कातून वगळत नाही. ते धर्मांतरानंतर जन्मलेल्या तिच्या मुलांना, ती वारसा उघडण्याच्या वेळी हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीपुरते अपात्र ठरवते. हे ऐकल्यावर काहींचा जीव भांड्यात पडला आणि काहींचा, मुलांच्या काळजीने, वर आला. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला तो दर्जा राहत नाही, हेही वकिलांनी आडपडदा न ठेवता सांगितले. ज्या घरांत मुलाच्या नोकरीचा किंवा मुलीच्या प्रवेशाचा आधार तो दाखलाच असतो, तिथला विरोध केवळ धार्मिक नसतो, आणि हे समजल्यावर त्या घरच्यांविषयीचा राग थोडा तरी निवळतो. मारहाण होत असेल तर प्रार्थनेसाठी थांबू नये, 112 वर फोन करावा, हे त्यांनी दोनदा सांगितले.

आता उणिवांकडे वळतो. पहिली आणि मोठी उणीव अशी, की मंडळीतल्याच ओळखीच्या माणसांनी नाकारले तर काय, या प्रश्नाला वर्गाने स्पर्श केला नाही. शिकवण्याची तळमळ असलेल्या एखाद्या स्त्रीला फक्त चहा-नाश्त्याच्या समितीत नेमणे, नव्याने विश्वासात आलेल्याकडे वर्षानुवर्षे संशयाने पाहणे, मंडळी बदलणाऱ्याशी बोलणे टाकणे, हे सारे आपल्याच अंगणातले नासरेथ आहे, आणि वर्गातल्या कॅथलिक कुटुंबांना नेमके हेच विचारायचे होते. त्यांनी एकदा विषय काढलाही. तो पुढच्या वेळेवर गेला आणि तिथेच राहिला. दुसरी उणीव गटप्रार्थनेची. शेवटची वीस मिनिटे पाच-सहा जणांच्या गटात प्रार्थना असते आणि त्यासाठी प्रत्येकाने घरची अडचण सांगायची असते. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली गोष्ट पुढच्या शनिवारी चहाच्या टेबलावर ऐकू येते, हा अनुभव माझ्या गटातल्या एका ताईंना आला आणि त्यानंतर त्या आल्या नाहीत. घरच्यांनी पारखे केलेल्या माणसांसाठी असलेल्या वर्गात तरी गुप्ततेचा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जावा. पुस्तिकेतले मुद्रणदोष, विशेषतः संदर्भांचे चुकलेले आकडे, ही तिसरी तक्रार; स्तोत्र शोधायला गेलेला नवशिक्या भलत्याच पानावर पोहोचतो.

तरीही पाचपैकी चार गुण द्यायला मला संकोच नाही. घरात एकटे विश्वासात असलेल्यांनी हा वर्ग जरूर करावा, आणि शक्य असेल तर पती किंवा पत्नीने सोबत यावे, कारण टिळकांवरची चर्चा एकट्याने ऐकण्यापेक्षा दोघांनी ऐकणे निराळे आहे. नातेवाइकांना वादात हरवण्यासाठी ज्यांना मुद्दे हवे असतील, त्यांची निराशा होईल. ऐरोली स्थानकाहून शेअर रिक्षा मिळते. परतीच्या वेळी ती लवकर मिळत नाही, म्हणून ठाण्याकडच्यांनी वर्ग संपताच निघावे. पुढचा वर्ग दिवाळीनंतर घेण्याचा विचार असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. येताना स्वतःचे पवित्र शास्त्र आणावे, कारण हॉलमधल्या प्रती मोजक्या आहेत, आणि पुस्तिका पहिल्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्या शनिवारनंतर ती संपलेली असते आणि मग झेरॉक्सच्या पानांवर भागवावे लागते.